‘कुंकू’ आधी, ‘माहेरची साडी’ नंतर

काळ पुढे जातो तसे सिनेमेही सुधारत जातात, असं मला वाटायचं. मग एका रात्री मोबाइलवर ‘कुंकू’ पाहिला आणि तो समज गेला.

१९३७चा प्रभातचा सिनेमा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. ती रडत बसत नाही, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला बडवून काढते. नीरा झालेल्या शांता आपटे खऱ्या आयुष्यातही काही कमी नव्हत्या. १९३९मध्ये त्या प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. नीराला साथ देणारी काकासाहेबांची मुलगी झाल्या होत्या शकुंतला परांजपे, संततिनियमनाचं काम करणाऱ्या.

तरी शेवट मला खटकतोच. काकासाहेब तिचं कुंकू पुसतात, आपला जीव देतात आणि दुसरं लग्न कर म्हणून लिहून ठेवतात. म्हणजे नीराची सुटकाही शेवटी नवऱ्याच्या परवानगीनेच.

ही परवानगी न मागणारी बाई मला भेटली ती १९८२च्या ‘उंबरठा’मध्ये. जब्बार पटेल यांचा सिनेमा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. स्मिता पाटील यांची सुलभा महिलाश्रम चालवायला घर सोडते. परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा निघते. मला मराठीतला हा सर्वांत धीट शेवट वाटतो. माझ्या मावशीचं मत मात्र एका वाक्याचं : “पोरीला टाकून गेली ती!”

आणि मग १९९१चा ‘माहेरची साडी’. नऊ वर्षांनी आपण पुढे जायला हवं होतं, पण इथे अलका कुबल यांची लक्ष्मी सगळं सोसते आणि त्या सोसण्याचीच पूजा होते. सिनेमा मात्र तुफान चालला. मी यावर मित्रांमध्ये कितीतरी विनोद केलेत. एकदा मावशीसमोरही केला.

ती चिडली नाही. म्हणाली, “आम्ही शेजारणी मिळून गेलो होतो. घरात रडलं की सासू विचारायची, काय झालं? थिएटरात कुणी विचारत नव्हतं.”

सिनेमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. सोसणं हाच बाईचा मोठेपणा, हे मला आजही मान्य नाही. पण मी हसत होतो ते सिनेमाला नव्हे, तिथे बसून रडणाऱ्या बायकांना, हे तेव्हा कळलं.

१९९९मध्ये ‘अल्फा मराठी’वर ‘आभाळमाया’ आली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा नोकरी करणारी, शिकलेली. नवरा दुसरीकडे गुंतलेला. सुलभाची अडचण आता रोज रात्री घराघरात येऊ लागली. थिएटरात एकटीने गिळायचा प्रश्न सासूच्या शेजारी बसून पाहिला जाऊ लागला. मावशी ती मालिका चुकवत नसे.

परवा तिच्यासोबत ‘उंबरठा’ पुन्हा पाहिला. शेवटी ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पोरीला टाकून गेली.” आणि थोड्या वेळाने, “पण गेली.”