बिल गेट्स यांच्या नऊ चाली

२२ नोव्हेंबर २०१३, चेन्नई
विश्वनाथन आनंदला त्याच्याच शहरात ६.५-३.५ असं हरवून नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन जगज्जेता होतो. वय २२. तीन डाव जिंकले, सात बरोबरीत. पहिल्या दोन विजयांसाठी त्याला ५८ आणि ६७ चाली खेळाव्या लागल्या. बरोबरीत सुटणार असं वाटणारा डाव तासन्‌तास रेटायचा आणि समोरच्याची चूक होईपर्यंत पाटावरून उठायचं नाही, अशी त्याची ख्याती. सापळे लावणारा खेळाडू म्हणून कुणी त्याला ओळखत नाही.

जानेवारी २०१४, टीव्हीचा स्टुडिओ
फ्रेडरिक स्काव्लान यांचा मुलाखतींचा कार्यक्रम. एका बाजूला कार्लसन, जागतिक यादीत २८७२ गुणांसह पहिला. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक बिल गेट्स, वय ५८, हौशी खेळाडू. पांढरे मोहरे गेट्स यांना. घड्याळात गेट्स यांना २ मिनिटं, कार्लसनला फक्त ३० सेकंद.
सवलत दिसते ती गेट्स यांच्यासाठी. पण ३० सेकंदांत ६० चाली रेटता येत नाहीत. कार्लसनला डाव लवकर संपवणं भाग आहे.

चाल १. मात ८ चालींवर
गेट्स राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे घेतात. कार्लसनचा घोडा सी६ वर. वरच्या दर्जाच्या स्पर्धांत हे उत्तर क्वचितच दिसतं.

चाल २. मात ७ चालींवर
गेट्स यांचा घोडा एफ३ वर येतो. हा घोडा लक्षात ठेवा. कार्लसनचं प्यादं डी५ वर.

चाल ३. मात ६ चालींवर
गेट्स उंट डी३ वर ठेवतात. प्यादं राखलं जातं, पण डी२ वरच्या प्याद्याची वाट बंद होते आणि त्यामागचा दुसरा उंट घरातच कोंडला जातो. तो शेवटपर्यंत बाहेर पडत नाही. कार्लसनचा दुसरा घोडा एफ६ वर.

चाल ४. मात ५ चालींवर
गेट्स डी५ वर प्यादं मारतात, कार्लसन वजिराने ते परत घेतो. हिशेब समसमान.

चाल ५. मात ४ चालींवर
गेट्स घोडा सी३ वर आणून वजिरावर हल्ला करतात. पुस्तकात शोभेल अशी चाल. वजिराला हलावं लागतं, आणि तो जातो थेट एच५ वर, पांढऱ्या राजाच्या बाजूला.

चाल ६. मात ३ चालींवर
गेट्स कॅसलिंग करतात. राजाला कोपऱ्यात सुरक्षित ठेवावं, हे नवशिक्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे मात्र तो वजिराच्या समोर जाऊन बसतो. कार्लसनचा उंट जी४ वर येतो आणि एफ३ वरच्या घोड्यावर रोखला जातो.

चाल ७. मात २ चालींवर
गेट्स एच३ वर प्यादं सरकवून उंटाला हटकतात. कार्लसन उंट हलवत नाही. उलट सी६ वरचा घोडा ई५ वर आणतो. आता एकाच वेळी दोन मोहरे मारता येतील असे समोर आहेत. घोडा मारला तर एफ३ ची आडकाठी जाते आणि उंट गेट्स यांचा वजीर उचलतो. उंट मात्र सरळ फुकट दिसतो.

चाल ८. मात १ चालीवर
गेट्स उंट मारतात. त्यासाठी एच३ वरचं प्यादं बाजूला गेल्याने एच ही उभी पट्टी मोकळी होते. कार्लसन दुसऱ्या घोड्याने जी४ वरचं ते प्यादं घेतो.
क्षणभर इथे थांबू. हिशेबाने गेट्स पुढे आहेत: उंट मिळाला, गेलं एक प्यादं. कार्लसनची धमकी अशी, की ई५ वरच्या घोड्याने एफ३ वरचा घोडा मारायचा आणि मग एच२ वर वजिराने मात. यावर उतारा होता. हत्ती एफ१ वरून शेजारच्या ई१ वर सरकला असता, तर राजाला पळायला घर मिळालं असतं. घोड्यांची अदलाबदल झाली असती, राजाला थोडं धावावं लागलं असतं, पण मात नव्हती. काळ्याकडे एक उंट कमी राहिला असता आणि मोठा धोका उरला नसता. म्हणजे जगज्जेता चक्क बेधडक डाव खेळत होता.

चाल ९. मात
गेट्स एफ३ च्या घोड्याने ई५ वरचा घोडा मारतात. चाल बिनबुडाची नाही. धमकी देणारा मोहरा हाच होता, तो काढून टाकला. पण एच२ हे घर राखणारा एकटा घोडा तोच होता. रखवालदारालाच शिकारीला धाडलं. काळा वजीर एच२ वर, पाठीशी जी४ चा घोडा. राजाच्या सुटकेची घरं स्वतःच्याच हत्तीने आणि प्याद्यांनी अडवलेली.
सगळा डाव दीड मिनिटाच्या आत संपला. कार्लसनच्या घड्याळात निम्म्याहून अधिक वेळ शिल्लक होता.

पडताळणी
या डावाची बातमी झाली ती वेगामुळे. खरी गंमत मात्र कार्लसनने काय ओळखलं, यात आहे. गेट्स यांची एकही चाल आंधळी नव्हती. हल्ला झाला की उत्तर, मोहरा टांगलेला दिसला की घे. फक्त प्रत्येक उत्तर नजरेसमोरच्या संकटापुरतं होतं. याच सवयीवर कार्लसनने एक उंट लावला. आनंदसमोर त्याने हा जुगार केला नसता; आनंदने हत्ती सरकवला असता आणि उंट शांतपणे खिशात घातला असता.
म्हणून हौशी खेळाडूने या डावातून एकच सवय उचलावी. फुकट दिसणारा मोहरा मारण्याआधी पाहावं, आपण ज्या मोहऱ्याने मारणार आहोत, तो आत्ता काय राखतो आहे.