घरातली लिहिण्याची बैठक

घरी बसून कचेरीचे काम करणे ही अगदी नवी रीत आहे, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली आमच्या राहुरीची मुले-मुली आपापले लॅपटॉप घेऊन मुळाकाठी परतली, तेव्हापासूनचा हा समज. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. कचेरी घराबाहेर गेली, हीच अलीकडची गोष्ट. त्याआधी कित्येक पिढ्या ती घरातच नांदत होती.

गावचा कुलकर्णीच पाहा ना! जमीन, पीक, सारा, येणे-बाकी यांचे सगळे लिखाण त्याच्याकडे, आणि ते दप्तर राही त्याच्याच घरी. ओटीवर गादी, पाठीशी लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी; शेजारी दौत, बोरू, शाई सुकवायला बारीक वाळू आणि रुमालात बांधलेले कागद. एवढ्या सरंजामावर गावचा कारभार चाले. मोठ्यांचीही तीच तऱ्हा. मेणवलीच्या वाड्यातले नाना फडणीसांचे दप्तर तर प्रसिद्धच आहे.

ही बैठक साधी दिसली, तरी तिच्यात शहाणपण होते. उतरत्या झाकणामुळे कागद डोळ्यांकडे येई, मान फार वाकवावी लागत नसे. लोडामुळे कंबरेला आधार मिळे. मांडीला रग लागली की एक गुडघा उभा करावा आणि त्यावरच कागद टेकून लिहावे. गादीवर बसणाऱ्याला आसन बदलण्याची मोकळीक होती, खुर्चीवर ती फारशी उरली नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे असावे, ओळी सरळ असाव्यात, हे तर ते सांगतातच. पण तरुणपणी हौसेने काढलेले बारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून ते मध्यम आकाराचे काढावे, असेही बजावतात. डोळ्यांची केवढी ही काळजी! तिकडे इटलीत अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कारकुनांच्या दुखण्यांची तीन कारणे नोंदवली: सतत बसणे, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. तीनशे वर्षे लोटली, बोरू जाऊन कळफलक आला, पण या तिन्ही कारणांतले एकही कमी झालेले नाही.

पुढे इंग्रजी अमलात मेज-खुर्चीची कचेरी आली. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनेही संपली आणि दप्तर सरकारी तलाठ्याकडे राहिले. घरांतून गादी उठली, लोड दिवाणखान्याच्या शोभेला गेले. म्हणून २०२० मध्ये काम घरी परतले खरे, पण त्याला बसायला जागाच नव्हती! कुणी पलंगावर, कुणी जेवणाच्या टेबलाशी, कुणी धान्याच्या कोठीवर लॅपटॉप ठेवून काम सुरू केले. दोन-चार महिन्यांत माना आणि कंबरा बोलू लागल्या.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तेव्हा सासरी राहून पुण्याच्या नोकरीचे काम करी. घरातले एकुलते टेबल नवऱ्याला आणि ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभी! मला नवल वाटले नाही. कुलकर्ण्याची बैठक होती, कुलकर्णीणबाईंची कुठे होती? ओटी पुरुषांची आणि माजघर बायकांचे, ही वाटणी आपल्या घरांच्या रचनेतच होती. लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. आमच्या राहुरीतही टिळक दांपत्याचे काही काळ वास्तव्य होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने चूल, मुले आणि पाहुणे सांभाळून ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने येऊ लागली आणि मराठी गद्याचे भूषण ठरली. अशा किती जणींचे लिहिणे बैठकीवाचून राहून गेले असेल, याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

बैठक मांडायला फार खर्च लागतो असेही नाही. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. त्यामुळे हात सुखात ठेवावे तर मान वाकते, मान सरळ ठेवावी तर खांदे उचलतात. यावर उपाय सोपा. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कळफलक निराळा घ्यावा. कोपर काटकोनात राहील एवढी खुर्चीची उंची असावी. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवावा, कंबरेमागे छोटा लोड किंवा घट्ट उशी द्यावी. खिडकी समोर वा पाठीशी न घेता बाजूला घ्यावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. चांगल्यातल्या चांगल्या आसनालाही फार वेळ बसण्याचा दोष घालवता येत नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत घराचा कानाकोपरा आपण झाडतो. त्यातलाच एक उजेडाचा कोपरा या वर्षी मोकळा करावा आणि घरात जी काम करते, तिची बैठक तिथे मांडावी. ती कामाला बसली की, कुलकर्णी दप्तर उघडून बसला असता घर जसे आवाज खाली घेई, तसा तो घ्यावा.