रुमालातले पूर्वज

माळ्यावरची जुनी पेटी उघडली, की बहुधा दोन तऱ्हेचे कागद निघतात. पोथ्या बाळबोध लिपीत, त्या अडखळत का होईना वाचता येतात. वतनाचे, कर्जाचे, वाटणीचे कागद मात्र मोडीत. त्यामुळे खापरपणजोबा देवापुढे काय म्हणत ते घराला ठाऊक असतं. भाऊबंदांशी कोणत्या बांधावरून भांडले, ते नसतं.

यादवांचा मंत्री हेमाडपंत याने मोडी रूढ केली, अशी परंपरा. ती त्याने लंकेहून आणली, ही कथा अर्थातच ऐकून सोडून द्यायची. वेगाने लिहिता यावं हा तिचा खरा जन्महेतू असावा, हे कागद पाहिला तरी पटतं. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई, मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांना अक्षरं लटकवत जाई. काना खालून वर चढून पुढच्या अक्षराला भिडतो. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. लिहिणाऱ्याची सगळी सोय आणि वाचणाऱ्याची सगळी पंचाईत! १९५०च्या सुमारास ही लिपी व्यवहारातून गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरचे कागद मुके झाले.

मुळाक्षरं पंधरा-वीस दिवसांत हाताखालून जातात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्यासारख्या मोडीच्या वर्गांत सगळ्या वयाची माणसं ती गिरवतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ‘संताजी बिन रामजी’ असं लागलं, की नवखा वाचक ‘बिन’ हे आडनाव समजतो. तो ‘रामजीचा मुलगा’ असतो. ‘गंगा कोम बाळाजी’ ही बाळाजीची बायको. एवढे दोन शब्द पक्के झाले, तरी वंशावळीच्या दोन पायऱ्या जागेवर बसतात.

तारखेचं गणित याहून गमतीचं. पेशवाईतल्या कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं दिसतं. हे अरबी आकडे आहेत, आणि ते एककाकडून मोजायचे: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११६१. हे साल सूर्य मृगात गेला की बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. नांगर धरणाऱ्या मुलखाला ते सोयीचंच होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, पुढे ६००. ११६१ हे इसवी १७६०-६१, म्हणजे पानिपताचं साल. ‘छ’ या एका अक्षरामागे ‘चंद्र’ दडलेला असतो आणि त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. ब्राह्मण कारकून, अरबी साल, मराठी मजकूर: त्या काळी यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. तंजावरला, मराठे राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडीचे गठ्ठे आहेत, तमिळ मुलखाच्या मधोमध. पण मोडी वाचणाऱ्याला खरा भाव आला तो अलीकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांना मोडी-उर्दूच्या जाणकारांची एकाएकी निकड भासली. इतिहासाच्या हौशीपोटी शिकलेली अक्षरं कुणाच्या तरी जातीच्या दाखल्याला उपयोगी पडू लागली. मोडीसाठी हे भाग्य की परीक्षा, यावर जाणकारांत दोन मतं पडू शकतील.

तरीही गावच्या महजरावर, म्हणजे निवाडपत्रावर, एक जागा अशी असते, जिथे मोडी न येणाऱ्यालाही मोकळेपणाने शिरता येतं. निवाड्याला हजर असलेल्यांची नावं कारकुनाने लिहिलेली असतात. ज्यांना सही येत नव्हती, त्यांनी आपल्या धंद्याचं हत्यार काढलेलं असतं. कुणब्याच्या नावापुढे नांगर, सुताराच्या पुढे पटाशी, बाईच्या पुढे बांगडी. रेघ थोडी थरथरलेली, एखाद्या नांगराचा फाळ उलट्या बाजूला गेलेला. शेजारी कारकुनाने घाईत, बोरू न उचलता लिहिलेलं असतं: निशाणी नांगर.