दुष्फेन पाण्यातही फेसाळणारी स्नानवडी

शालेय पाठ्यपुस्तकांत पाण्याचे ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ असे दोन प्रकार सांगितलेले असतात. साबणाला फेस येतो की नाही, या एकाच कसोटीवर बेतलेली ही नावे आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात. वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात झऱ्या-ओढ्यांचे पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहत नाही. ते सुफेन असते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत मात्र विहीर आणि बोअर यांवरच भिस्त. काळ्या बेसाल्ट खडकात दीर्घकाळ मुरलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज परिसरात कारण निराळे आहे. उसाला दिलेल्या बेसुमार पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आणि विहिरीही मचूळ झाल्या. डाळ शिजायला लागणारा वेळ, बंबाच्या आत साचणारी पांढरी पुटे आणि न्हाणीच्या फरशीवरचा चिकट साका ही या पाण्याची घरोघरी ओळखीची लक्षणे होत.

साबण म्हणजे तेलातील मेदाम्लांचा सोडियम क्षार. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि सगळा कॅल्शियम असा बांधला जाईपर्यंत फेस धरत नाही. हिशेब मांडला तर प्रकरण किती खर्चिक आहे हे कळते. लिटरला 300 मिलिग्रॅम काठिण्य असलेल्या 20 लिटर पाण्यात फेसाची सुरुवात होण्याआधीच सुमारे 35 ग्रॅम साबण वाया जातो. म्हणजे 100 ग्रॅमच्या वडीचा एकतृतीयांश भाग. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 200 मिलिग्रॅम काठिण्य स्वीकारार्ह मानले जाते आणि पर्यायी स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. तेव्हा 300 हा आकडा काही अतिरेकी नव्हे. वेष्टनावरील ‘टीएफएम’चा आकडाही येथे कामास येत नाही. तो मेदाम्लांचे प्रमाण सांगतो, आणि साका तर मेदाम्लांचाच होतो. खोबरेल तेलाचा साबण इतरांपेक्षा बरा फेसाळतो, पण साका त्याचाही होतो.

म्हणूनच टबात किंवा घंगाळात फेस आणणारी वडी साबणाची असून भागत नाही. ती अपमार्जकाची, म्हणजे डिटर्जंटची, असावी लागते. घरगुती वडीसाठी सोडियम लॉरिल सल्फोअ‍ॅसिटेट ही पांढरी भुकटी सोयीची. कॅल्शियमच्या सान्निध्यातही तिचा फेस टिकतो. नावातील साम्यामुळे ती सोडियम लॉरिल सल्फेट समजून घेतली जाते, मात्र ते द्रव्य वेगळे आणि त्वचेला अधिक कोरडे करणारे आहे.

खाण्याचा सोडा 200 ग्रॅम, ही भुकटी 100 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 50 ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट 30 ग्रॅम हे सारे एकत्र चाळावे. भुकटी नाकात गेली तर शिंकांनी जीव हैराण होतो. नाका-तोंडाला फडके बांधावे आणि पंखा बंद ठेवावा. मग ग्लिसरीन व कोकामिडोप्रोपिल बीटेन प्रत्येकी सुमारे 30 ग्रॅम थोडे थोडे घालत भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट गोळा मळावा. पाणी घालू नये. सुगंधासाठी तेलाचे चार-पाच थेंब पुरेत. तेल वाढले की फेस बसतो. गोळा थापून 50 ग्रॅमच्या आठ-नऊ वड्या पाडाव्यात आणि सावलीत दोन दिवस वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पावसाळ्यात उघड्या राहिल्या तर त्या ओलावा ओढून घेतात.

एक वडी 20 लिटर पाण्याला पुरते. ती कुस्करून तोटीच्या जोरदार धारेखाली धरावी. नळ नसेल तर तांब्याने उंचावरून पाणी ओतावे. फेस हवेने होतो, ढवळल्याशिवाय कोणतीच वडी फेसाळत नाही. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते खरे, परंतु वरील काठिण्याच्या 20 लिटरसाठी ते 15 ते 18 ग्रॅम लागेल आणि वडीत जेमतेम साडेतीन ग्रॅम असते. खरा भार अपमार्जकावरच राहतो. काही घरांत पाणी ‘हलके’ करण्यासाठी धुण्याचा सोडा टाकतात. कपड्यांना तो ठीक, अंगाला दाहक.

बाजारातील भुकटी नको असेल तर रिठा आहेच. त्यातील सॅपोनिन कॅल्शियमबरोबर साका करीत नाही. फेस मात्र तपकिरी दिसतो आणि डोळ्यांत गेल्यास भयंकर झोंबतो. लहान मुलांना कोणत्याही फेसाच्या पाण्यात दहा मिनिटांहून अधिक बसवू नये, नंतर साध्या पाण्याने अंग धुवावे. मुलींना लघवीच्या जागी जळजळ होऊ शकते. तान्ह्या बाळांसाठी ही वडी नव्हेच.

घरचे पाणी कितपत दुष्फेन आहे हे पाहण्यासाठी एका बाटलीत ते आणि दुसऱ्या बाटलीत साठवलेले पावसाचे पाणी घेऊन दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. हात धुण्याचा द्रव वापरू नये. तो बहुधा अपमार्जकाचाच असल्याने फरक दिसत नाही. अचूक आकडा प्रयोगशाळेतील तपासणीतूनच कळतो.

टँकरवर जगणाऱ्या गावात टब भरणे अर्थातच शोभणारे नाही. तेथे घमेल्यातील चार-पाच लिटर पाणी आणि पाव वडी एवढ्यावर मुलांची हौस भागते. हे पाणी परसातल्या झाडांना रोज घालू नये. सोडा आणि सायट्रेट या दोन्हींतून सोडियम जमिनीत जातो, आणि कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तो आधीच साचलेला आहे.