वजनाचा दाखला

खंगणे हीच ज्या रोगाची ओळख, त्यातून उठलेल्या माणसाला वजन उतरविण्याचा उपदेश करणे ही गोष्ट आपल्या आजीच्या पिढीला क्रूर थट्टाच वाटली असती. बरे होण्याचे माप आपल्या घराघरांत ठरवून टाकले होते ते क्षयाने. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत विश्रांती, मोकळी हवा आणि दूध-अंडी यांवरच मुख्य भिस्त असे, रोग्याला नेमाने काट्यावर उभे करीत, आणि वाढलेल्या पौंडांची बातमी घरी कळविण्याजोगी ठरे.

मेहेरबाई टाटा 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या पश्चात योजिलेले टाटा स्मारक रुग्णालय 1941 च्या फेब्रुवारीत परळला सुरू झाले, तेव्हा रोगी हाच ठोकताळा बरोबर घेऊन आले. तंबाखू खाणाऱ्या या मुलखात तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग फार. घास उतरेनासा झालेला माणूस पाहता पाहता रोडावे, आणि म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्याने पुन्हा अंग धरणे हा, निदान नातलगांच्या लेखी, रोग हटल्याचा सर्वांत खात्रीचा दाखला होता.

लठ्ठपणाला आपल्याकडे कोणी नावे ठेवलीच नव्हती असे मात्र नाही. चरकाने सूत्रस्थानात ज्या आठ निंद्य देहांची गणना केली त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही आहेत, आणि त्या दोहोंत त्याने बरा मानला तो कृशच. पण ग्रंथातला हा निवाडा माजघरापर्यंत पोचला नाही. तेथे अंमल चालला तो तुपातल्या शिऱ्याचा.

दृष्टी पालटली ती स्तनाच्या कर्करोगापासून. मिलानच्या बोनाडोना यांनी शस्त्रक्रियेनंतर द्यावयाच्या तीन औषधांचे निष्कर्ष 1976 साली प्रसिद्ध केले, त्या धर्तीचे उपचार देशोदेशी रूढ झाले, आणि 1978 साली अमेरिकेतील कर्करोग-परिचारिकांच्या नियतकालिकात आलेल्या एका लेखाने अशा रुग्ण स्त्रियांचे वजन वाढत असल्याचे नोंदविले. लेखाच्या मथळ्यातच या गोष्टीला अनपेक्षित म्हटले होते. ही नोंद परिचारिकांच्या दप्तरी जमा व्हावी यात मला औचित्य वाटते. काट्याशी उभे राहण्याचे काम अखेर त्यांचेच. अकाली थांबलेली पाळी, थकव्याने खुंटलेली हालचाल, स्नायू झिजून साठलेली चरबी, ही कारणे पुढे उलगडत गेली. 2016 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर तेरा प्रकारच्या कर्करोगांशी अतिरिक्त चरबीचा संबंध मान्य केला, जरी एकदा झालेला रोग वजन उतरविल्याने पुन्हा उलटत नाही, असे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा अद्याप हाती नाही.

त्यामुळे आज एकाच इस्पितळात अन्ननलिकेच्या रोग्याला दोन घास जास्त घेण्याची ताकीद मिळते, तर स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेल्या बाईला रोज चालण्याची आणि गोडधोड आवरण्याची. आणि दोघांबरोबर आलेल्या नातलगांना मनापासून पटतो तो पहिलाच सल्ला.