टाकलेली नव्हे, ठेवलेली

मागच्या दोन भागांत आम्ही रोम आणि व्हेनिसच्या गोष्टी सांगितल्या. आज फ्लोरेन्स. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी निरोप पाठवलाय, की मायकेलअँजेलोच्या डेव्हिडबद्दल सांगा, त्या विटांच्या मोठ्या घुमटाबद्दल सांगा. त्याबद्दल पुस्तकांत भरपूर आहे, आणि तिथे गेलात तर गाइड सांगेलच. आम्हाला आज अशा एका घराबद्दल बोलायचंय, जे आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात नव्हतंच.

झालं असं, की फ्लोरेन्सला आमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आला होता. त्यातला शेवटचा अर्धा दिवस चामड्याच्या पर्सेस घ्यायला राखून ठेवलेला. आम्ही अकरा जणी. चौघी बाजारात गेल्या (त्यांच्या पर्सेस छान आहेत, नाव ठेवायला जागा नाही). उरलेल्या सात जणी डेव्हिड ज्या संग्रहालयात आहे तिथून पाचेक मिनिटं चालत एका चौकात पोचलो. पियाझ्झा सांतीस्सिमा आन्नुन्त्सिआता असं त्याचं लांबलचक नाव. चौकाच्या एका बाजूला नऊ पायऱ्या आणि वर लांब ओसरी. करड्या दगडाचे बारीक खांब, त्यांवर नऊ कमानी. प्रत्येक दोन कमानींच्या मधे एक निळी गोल तबकडी, आणि तबकडीत दुपट्यात गुंडाळलेलं पांढरंशुभ्र बाळ, हात पसरून उभं.

हे ओस्पेदाले देल्यि इन्नोचेंती. इन्नोचेंती म्हणजे निष्पाप जीव. आईबापांना सांभाळता न आलेल्या बाळांसाठी बांधलेलं हे घर. घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीनेच याचा आराखडा केला. काम सुरू झालं १४१९ साली, म्हणजे घुमटाच्याही एक वर्ष आधी. ब्रुनेलेस्की मुळात सोनार. फ्लोरेन्समधे सोनारांची नोंद रेशीम व्यापाऱ्यांच्या संघात होत असे, आणि हे घर बांधायला काढलं ते त्याच संघाने. ओसरी नीट पाहिली तर त्याचा हिशेब कळतो. खांबाची उंची, दोन खांबांतलं अंतर आणि ओसरीची खोली सारखीच. इतिहासकार हिला नव्या युगाच्या वास्तुकलेची पहिली इमारत मानतात. मातीची भाजलेली, चकचकीत बाळं मात्र नंतरची, साधारण १४८७ ची, आन्द्रेआ देल्ला रोब्बियाच्या हातची. तोवर त्या तबकड्या रिकाम्याच होत्या.

आता पैसा कुठून आला ते ऐका. फ्लोरेन्सजवळच्या प्रातो गावचा फ्रान्चेस्को दातीनी नावाचा मोठा व्यापारी १४१० मधे वारला. फ्लोरेन्समधे अशा मुलांसाठी नवं घर उभारावं म्हणून त्याने मृत्युपत्रात हजार फ्लोरिन, म्हणजे हजार सोन्याची नाणी ठेवली. धर्मात्मा माणूस, असं आपल्याला वाटेल. पण या दातीनीच्या बायकोची, मार्गेरीताची, शेकडो पत्रं प्रातोच्या दप्तरात आजही जपलेली आहेत, आणि त्यांतून त्या घराचं आतलं चित्र दिसतं. मार्गेरीताला मूलबाळ नव्हतं. १३९२ मधे दातीनीला मुलगी झाली ती लुचिया नावाच्या वीसेक वर्षांच्या तरुणीपासून. लुचिया त्या घरातली गुलाम होती. लुचियाचं लग्न दुसऱ्या नोकराशी लावून दिलं. मुलीचं नाव जिनेव्रा. ती आधी बाहेर वाढली, आणि पाचसहा वर्षांची झाल्यावर मार्गेरीताने तिला घरात आणून आपल्या मुलीसारखी वाढवली.

गुलाम म्हटल्यावर आम्ही थबकलोच. फ्लोरेन्स म्हणजे चित्रं, पुतळे, कविता एवढंच आमच्या डोक्यात. पण १३४८ च्या प्लेगमधे माणसं पटापट गेली, घरकामाला हात मिळेनात, आणि काळ्या समुद्राकडून विकत आणलेल्या तरुण मुली फ्लोरेन्सच्या श्रीमंत घरांत दिसू लागल्या. मालकाच्या घरात राहणारी, ‘नाही’ म्हणायचा हक्क नसलेली बाई. पुढे काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. इन्नोचेंतीच्या पहिल्या काही दशकांत आलेल्या मुलांमधे अशा बायांची मुलं बरीच होती. बाळ ओसरीवर पोचलं, की त्याच आईला कधी कधी दुसऱ्या श्रीमंत घरी दूध पाजायला भाड्याने देत. बाळ इथे आणि त्याचं दूध तिथे. दातीनीने हजार फ्लोरिन कुठल्या मनाने ठेवले, ते त्याचं त्याला ठाऊक. पण ओसरीचे ते देखणे खांब पाहताना आमच्या डोळ्यांपुढे लुचिया येत राहिली.

जानेवारी १४४५ मधे घर उघडलं. ५ फेब्रुवारीला पहिलं बाळ आलं, मुलगी. तो संत अगाताचा दिवस, म्हणून नाव ठेवलं अगाता स्मेराल्दा. नंतरही मुलांपेक्षा मुलीच जास्त येत राहिल्या. हे ऐकून आमच्यातल्या कोणालाही नवल वाटलं नाही.

प्रत्येक बाळाची वहीत नोंद होई. कुठल्या दिवशी आलं, अंगावर काय होतं, कापड कसलं, सोबत काही खूण होती का. शेकडो वर्षांच्या या वह्या आजही तिथे आहेत. बाळाला अंगावर पाजायला खेड्यातल्या बायकांकडे देत आणि त्याबद्दल मजुरी देत. करार बहुतेक वेळा त्या बाईच्या नवऱ्याशी होई. दूध बायकोचं आणि पैसे त्याच्या हाती! सगळी बाळं जगत नसत. वाईट सालांत निम्म्याहून अधिक दगावत.

जगलेल्या मुलांना हाताखाली ठेवून धंदा शिकवत आणि ती बाहेर पडत. मुलींचं तसं नव्हतं. लग्नाला हुंडा हवा. शंभर वर्षांनी परिस्थिती अशी झाली, की शेकडो मोठ्या मुली आणि बाया आतच अडकून राहिल्या. रेशीम काढायचं, विणायचं, लहानग्यांना सांभाळायचं आणि ढीगभर कपडे धुवायचे. ते वाळत घालायला वरती एक उघडा सज्जा बांधला होता. आज त्या सज्जावर कॉफीचं दुकान आहे. समोर घुमट दिसतो म्हणून लोक फोटो काढायला येतात. आम्हीही काढले. पण तिथे बसून दुपट्यांच्या रांगा आठवल्याशिवाय राहवत नाही.

आधी बाळ ओसरीतल्या दगडी कुंडीत ठेवत. १६६० पासून ओसरीच्या टोकाला गजांची खिडकी केली. गज असे, की फक्त तान्हं बाळच त्यातून आत जाईल, मोठं मूल नाही. ही खिडकी अजूनही दिसते. आम्ही तिच्यापाशी बराच वेळ उभ्या होतो.

मग तळघरातल्या संग्रहालयात गेलो. तिथे भिंतीत लहान लहान खण आहेत. खण ओढला की आत एखादी वस्तू आणि बाळाचं नाव. अर्धं कापलेलं नाणं. अर्धं पदक. एखादा मणी, बटण. एकोणिसाव्या शतकात ही घरं चालवणाऱ्यांना माहीत होतं, की येणारी पुष्कळ मुलं लग्नाच्या जोडप्यांची आहेत, पोटाला नाही म्हणून आलेली. आई अर्धा तुकडा बाळाच्या गळ्यात बांधी, अर्धा आपल्याकडे ठेवी. दिवस पालटले तर येऊन दोन तुकडे जुळवायचे आणि मूल घेऊन जायचं. त्या खणांत आहेत ते अर्धेच तुकडे.

आमच्यातल्या एकीने सव्वीस वर्षांपूर्वी मुलगी दत्तक घेतली. तिची परवानगी घेऊनच हे सांगतोय. तिथवर ती आमच्यासारखीच माहिती वाचत, फोटो काढत होती. आमच्यापैकी कोणीतरी सहज म्हणालं, “केवढी ही टाकलेली मुलं!” ती खण हळूच आत सारत म्हणाली, “टाकलेली म्हणू नका. टाकणारी बाई नाणं कशाला कापेल? ठेवलेली म्हणा.” मुलगी आली तेव्हा तिच्या अंगावरचं झबलं हिने कपाटात वरच्या फळीवर ठेवलंय. मुलीने एकदा विचारलं होतं, तेव्हा तिने विषय बदलला होता. हे तिने आम्हाला तिथे, त्या खणांसमोर, पहिल्यांदा सांगितलं.

खिडकी बंद झाली ३० जून १८७५ ला. शेवटच्या दोन बाळांना वहीत नावं दिली ती अशी: मुलाचं उल्तिमो लाश्याती, म्हणजे ‘सोडलेल्यांतला शेवटचा’, आणि मुलीचं लाउदाता किउसुरी, म्हणजे ‘बंद झालं, बरं झालं’. नाव लिहिणाऱ्या कारकुनाला गंमत वाटली असेल. ती नावं घेऊन जन्मभर वावरायचं होतं ते त्या दोघांना.

त्याच्या बारा वर्षं आधी, १८६३ मधे, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. त्याला ना ब्रुनेलेस्की मिळाला, ना निळ्या तबकड्या. पण एक फरक आम्हाला फार मोठा वाटतो. फ्लोरेन्सची खिडकी एवढी लहान, की बाळ आत जाईल आणि आई बाहेर राहील. पुण्यात फुल्यांनी विधवा बाईलाच आत घेतलं. ये, सुखरूप बाळंत हो, मूल न्यायचं की ठेवायचं ते तू ठरव. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने पुढे दत्तक घेतला. त्याच्या आईचं नाव आपल्याला माहीत आहे. अगाता स्मेराल्दाच्या आईचं नाव आपण कोणीच सांगू शकत नाही.

इन्नोचेंतीची संस्था आजही चालू आहे. पाळणाघरं आहेत. १९८८ पासून युनिसेफचं संशोधन केंद्र तिथे आहे. आणि अडचणीत सापडलेल्या बायांना मुलांसकट राहता येईल अशी घरंही संस्था चालवते. म्हणजे खिडकीबाहेर उभी राहिलेली आई आत यायला एवढी शतकं लागली.

तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर डेव्हिड पाहून झाल्यावर या चौकात जाच. दोन तास हाताशी ठेवा. संग्रहालयात गिर्लांदाइओचं १४८८ मधलं मोठं चित्र आहे. बाळ येशूला भेटायला आलेले राजे, आणि पुढे गुडघे टेकलेली दोन लहान मुलं, अंगावर पांढरे कपडे आणि त्यांवर रक्ताचे ठिपके. तेही चुकवू नका.

आमची मैत्रीण घरी आल्यावर चार दिवसांनी फोनवर म्हणाली, झबलं काढून धुतलं, इस्त्री केलं, आणि मुलीला दिलं. पुढे त्या दोघी काय बोलल्या ते आम्ही विचारलं नाही.