शून्य सरासरीचा दिवा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी वर्गात एकदा विचारले होते, "घरातील वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाते आणि तितक्याच वेळा मागे येते. मग तिची सरासरी किती?" आम्ही म्हणालो, "शून्य." गुरुजींनी छताकडे बोट केले आणि म्हणाले, "मग हा दिवा कशाने जळतो?" त्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

१८८२ मध्ये एडिसनने न्यूयॉर्कमध्ये वीजपुरवठा सुरू केला, तो एकदिश प्रवाहाचा होता. त्याचा दाब स्थिर असल्यामुळे मोजण्याची अडचण नव्हती. पुढे चारपाच वर्षांतच रोहित्राच्या साहाय्याने दूर नेता येणारा प्रत्यावर्ती प्रवाह पुढे आला. दिवे मात्र तेच होते. क्षणाक्षणाला बदलणाऱ्या या दाबाला कोणता एक आकडा द्यावा?

उत्तराचे बीज १८४१ मध्येच पेरले गेले होते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे ज्यूल यांनी त्या वर्षी दाखवले. रोध तोच असेल, तर ती दाबाच्याही वर्गाच्या प्रमाणात असते. ऋण संख्येचा वर्गही धनच असल्याने वीज पुढे जावो वा मागे येवो, तार तापतेच. मेजर कार्ड्यू यांच्या व्होल्टमापकात तापून लांबणारी तारच काटा फिरवी. म्हणून ते यंत्र दोन्ही प्रवाहांना चाले. जितक्या स्थिर दाबाने तितकीच उष्णता मिळेल, तो प्रत्यावर्ती दाबाचा परिणामी दाब ठरला.

याचे गणित गुरुजी फळ्यावर असे मांडीत. ज्या-वक्रावर शून्यापासून तीसतीस अंशांनी सहा ठिकाणे घ्या. शिखर १ मानल्यास तेथील वर्ग ०, १/४, ३/४, १, ३/४ आणि १/४ असे येतात. बेरीज ३, सरासरी १/२ आणि तिचे वर्गमूळ ०.७०७. आपण २३० व्होल्ट म्हणतो, तेव्हा दाब दोन्ही दिशांना सुमारे ३२५ पर्यंत चढलेला असतो. विद्युतरोधन निवडताना हे विसरणाऱ्याला ते महागात पडते.

या मापात वारंवारतेला स्थान नाही. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवसमुद्राहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, ती सेकंदाला २५ आवर्तनांची होती. आपली ५० आवर्तनांची आहे. परिणामी दाब काढण्याची रीत दोन्हींना एकच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. वीजमंडळे निराळी झाली, बिलांची भाषा बदलली, आणि त्या दिवसाची सल या भागातील मराठी माणसाच्या मनातून गेली नाही. पण निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतील दिवा आणि सीमेपलीकडील कागलच्या घरातला दिवा एकाच मापाने जळत राहिले. सीमेवरच्या मुलाला हे गणित त्याच्या मातृभाषेत कळावे, एवढाच गुरुजींचा आग्रह असे. 'वर्गमाध्यमूळ' हा शब्द ते तीन तुकड्यांत, त्याच क्रमाने शिकवीत: आधी वर्ग, मग मध्य, शेवटी मूळ. "शब्द फोडला की कृती सापडते," असे ते म्हणत.

एक इशाराही ते देत. साधे मापक पुष्कळदा सरासरी मोजून तिला १.११ ने गुणलेला आकडा दाखवते. ज्या-वक्रापुरते ते खरे. चौकोनी तरंगाचा दाब १०० असेल, तर तेच मापक १११ दाखवील. घरोघरी इन्व्हर्टर आलेल्या काळात हा इशारा अधिकच लागू आहे. काट्याने दाखवलेला आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे, हे विचारण्याची सवय गुरुजींनी आम्हांस लावली. त्या सवयीबद्दल मी त्यांना वंदन करतो.